पातळ थर

जोतिबाची यात्रा झाली की मी कप्पा बदलतो.
महाद्वार रोडच्या ह्या चिंचोळ्या दुकानात
बावीस वर्षं गेली, म्हणून एवढं कळतं:
लोकांच्या कानामागं गुलाल अजून असतो,
आणि कोल्ड क्रीमच्या डब्यांना आतून घाम फुटतो.

पुण्याची एक बाई हसली होती,
"बाई असून जातो, येतो, बदलतो काय म्हणता?"
म्हटलं, तोंडाला लावायचं माझ्याकडं शंभर तऱ्हेचं आहे,
तोंडातनं येतं ते हे एवढंच.

घट्ट ते वर, माळ्यावर, दिवाळीपर्यंत.
बदामाचं तेल, सायीसारखं जाड सगळं.
पातळ ते खाली, हाताशी.
वाळ्याचा साबण, गुलाबपाणी, जेल,
आणि सनस्क्रीन, जे सुखासुखी कुणी घेत नाही.
"ऊन काय आज आलंय व्हय, वैनी?"
केएमटीचे ड्रायव्हर, घुणकीकर मामा.
खिडकीकडचा हात दुसऱ्याहून दोन वाण काळा.
मी त्यांच्या दोन बोटांवर दोन रेघा ओढतो.
एवढं. कमी लावलं तर पैसे पाण्यात.
आणि दुपारी परत; घाम पुसला की तेही पुसलं.
मामा वास घेतात. नारळाचा हाय, म्हणतात.
चाटत नाहीत हे नशीब.

गिऱ्हाइकाला लावायला सांगतो,
माझं मात्र मी काढत आणलंय.
गार पाणी. साबण नाही. एक पातळ थर.
तो सुकेपर्यंत पंख्याखाली उभं राहायचं, मग टिकली.
बाकी काहीही माझ्या कातडीला आग वाटते.

एकोणिसाव्या वर्षी मावशीनं ट्यूब आणली.
खाजेवरची, डॉक्टरी.
पंधरा दिवसांत गोरी झालो.
पाहुणे आले, पोहे खाल्ले, होकार आला.
ट्यूब सुटली नाही.
सोडली की चेहरा पेटायचा, लावली की विझायचा,
सहा वर्षं.
आता गालावर शिरा दिसतात
आंब्याच्या कोवळ्या पानावर असतात तशा, तांबूस.
ऊन वाढणार हे त्यांना
वेधशाळेच्या आधी कळतं.

परवा भर दुपारी वडणग्याची एक आई आली.
मागं पोरगी, सावळी, कपाळ चकाकतंय,
ओढणीनं पुसतीय, पुसतीय.
"आयतवारी बघाय येणार हायत.
ती ट्यूब द्या, लगेच गुण येतो ती."

मला नाव माहीत आहे. ड्रॉवर माहीत आहे.
मालकांच्या वहीत तिची ओळ सगळ्यांत लांब.
म्हटलं, संपली.
"कधी येणार?"
कंपनीच बंद पडली.
खोटं बोलताना माणसाचे गाल तापतात म्हणे.
माझे कायमच तापलेले, कुणाला कळणार?

नाव काय गं तुझं?
"प्रणोती."
ये पुढं.
पंखा तिच्याकडं फिरवला.
माठातलं पाणी माझ्या रुमालावर ओतलं, पिळून दिलं.
दाबून धर. घासू नको.
तिनं डोळे मिटले,
आणि रस्त्यावरचा हॉर्न, आईची पिशवी, आयतवार,
सगळं तिच्या पापण्यांबाहेर थांबलं थोडा वेळ.

रुमाल काढला. रंग तोच.
फक्त आता तो तिचा वाटत होता,
उन्हाचा नाही.

"किती झालं?" आईनं विचारलं, पाकीट उघडत, रागानं.
पाण्याचं काय घेणार.

पुढच्या दुकानात मिळेल त्यांना.
तिथं ती दर्शनी काचेतच ठेवतात, मला माहीत आहे.
मी गल्ल्यावर बसून राहिलो, गाल चुरचुरत होते.
मग हात पुसायला रुमाल शोधला,
तर नव्हता.
पोरीनं नेलेला,
ओलाच.